बुधवारची पाहणी

सिस्टर देवमाने आणि आवटी साहेब बरोबर साडेचारला दारात उभे राहिले. मी दुपारचं जेवण झाल्यापासून तयार बसलो होतो. दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता, ओटा पुसून त्यावर तीन कप पालथे घालून ठेवले होते.

“येऊ का मगदूम काका?” सिस्टर म्हणाल्या.

असं त्या विचारायच्या, पण विचारेपर्यंत चपला काढून झालेल्या असायच्या.

दोघं खाटेच्या कडेला बसले. सिस्टरांच्या मांडीवर ती लांबट वही होती. आवटी साहेबांची नजर खोलीभर फिरली. खिडकी, मोरी, भिंतीतलं कपाट, पुन्हा खिडकी. जागा विकत घ्यायला आलेला माणूस बघतो तसं त्यांचं बघणं मला वाटलं.

“सावकाश करा. आम्हाला घाई नाही,” सिस्टर म्हणाल्या.

मी पहिल्या काडीत गॅस पेटवला. तीन कप पाणी कपानं मोजून घातलं. आलं ठेचलं, चहाची पूड टाकली, दूध घातलं, दोन उकळ्या येऊ दिल्या. गॅस बंद केला आणि त्यांना दिसावं म्हणून खाली वाकून सिलिंडरचा खटकाही बंद केला. चहा गाळला. ट्रे दोन्ही हातांनी धरून त्यांच्यापुढं नेला. एकाही बशीत थेंब सांडला नव्हता.

आवटी साहेबांनी पहिला घोट घेतला आणि सिस्टरांकडं बघितलं. सिस्टरांनी वहीकडं बघितलं.

“आलं छान लागतंय,” साहेब म्हणाले आणि सगळा चहा पिऊन टाकला. सिस्टरांनी अर्धा ठेवला. मग पेन काढून त्यांनी एक ओळ लिहिली. लहानशी ओळ होती. मी कप उचलायच्या निमित्तानं वाकलो, तोवर वही मिटली होती.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. आमची वसाहत म्हणजे इचलकरंजीजवळ बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या कामगारांच्या खोल्या. एका ट्रस्टनं त्या घेतल्या, नीट केल्या आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना राहायला दिल्या. भाडं ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणं, उरलेलं ट्रस्ट भरायचं. खोल्यांच्या तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीत स्वतःचं स्वतः करणारे. तिथं प्रत्येकाला वेगळी खोली, आपला ओटा, आपला गॅस. मधल्या ओळीत एका खोलीत दोघं, जेवणाचा डबा यायचा, आंघोळीला आणि औषधाला मदतनीस असायची. शेवटच्या ओळीत नुसत्या खाटा आणि नर्स. आमच्याकडं माणूस आजारी पडला असं कुणी म्हणत नसे. ‘मधे गेला’ म्हणत, नाहीतर ‘मागं गेला’.

पहिल्या ओळीतल्या माणसाला स्वतःचं जमतंय की नाही, हे बघायची पद्धत म्हणजे ही पाहणी. महिन्याच्या पहिल्या बुधवारी कार्यालयातून माणसं चहाला यायची. आपण चहा करायचा, त्यांनी प्यायचा. गॅस पेटवता येतो का, बंद करायचं लक्षात राहतं का, हात कापतो का, सगळं त्यात कळायचं. माझ्या शेजारचे हावळ मास्तर याला ‘बघायला येणं’ म्हणायचे. आदल्या दिवशी व्हरांड्यात बसून हाक मारायचे, “मगदूम, उद्या पावणे बघायला येणार हायत तुम्हाला. पदर नीट घ्या. पसंत पडलासा तर हितंच नांदायचं, न्हाई तर मधे.”

सगळे हसायचे. मीही आधी हसायचो.

मी आणि माझी बायको पद्मा दोघं इथं राहायला आलो होतो. मी यंत्रमागावर जॉबर होतो, माग दुरुस्त करायचो. आम्हाला मूलबाळ नव्हतं. दोन वर्षं आम्ही पहिल्या ओळीतल्या सात नंबरात राहिलो आणि तिथंच एका सकाळी ती गेली. मला दुसरं घर नव्हतं. ती जिथं उठली, बसली, भांडली, अशी जागा आता ही एकच उरली होती. मधल्या ओळीत गेलो असतो तर एक खाट आणि अर्धं कपाट मिळालं असतं, आणि शेजारी कुणीतरी खोकत पडलेला. सात नंबर सुटू द्यायचा नाही, एवढी एकच गोष्ट मी धरून ठेवली होती.

तिच्यानंतर मी कुणाकडं जाणं-येणं बंद केलं. तिचं नावही तोंडातून काढत नसे. लोकही मग बोलेनासे झाले. पण बोलत नाही म्हणून दिसत नाही असं नसतं. त्या उन्हाळ्यात मला बरंच काही दिसत होतं.

पहिली गोष्ट, सिस्टर बदलल्या होत्या. जुन्या सिस्टर जानेवारीत गेल्या आणि या देवमाने आल्या. त्यांच्याबरोबर पाहणीला ट्रस्टचे आवटी साहेब यायला लागले. आधी ट्रस्टचं कुणी यायचं नाही.

दुसरी गोष्ट हावळ मास्तरांची. ते माझ्यानंतर आले, पद्मा गेल्यावर सहा महिन्यांनी. जन्मभर टेलरकी केलेला माणूस, मशीनसुद्धा बरोबर आणलं होतं. दिवाळीत मला म्हणाले होते की त्यांचा मेव्हणा जयसिंगपूरला एकटाच असतो, त्याला इथं शेजारी खोली मिळाली तर फार बरं होईल. पहिल्या ओळीत आठच खोल्या. हावळ आठ नंबरात, ओळीच्या टोकाला. त्यांच्या शेजारची खोली म्हणजे माझी.

तिसरी गोष्ट अक्काताई चौगुलेंची. त्या तीन नंबरात राहायच्या. निपाणीला तंबाखूच्या वखारीत काम केलेली बाई, आवाज खणखणीत. पण हावळांच्या दारात आल्या की तो आवाज खाली यायचा. रोज दोनदा पदराखाली काहीतरी झाकून त्या आत जायच्या आणि मोकळ्या हातानं बाहेर यायच्या. मी व्हरांड्यात असलो की दोघांचं बोलणं थांबायचं. पाहणीच्या बुधवारी तर चार वाजता त्या आत असायच्याच.

एप्रिलच्या त्या पाहणीनंतर चार दिवसांनी मी कार्यालयाच्या खिडकीखालून चाललो होतो. आतून सिस्टरांचा आवाज आला, “मगदूमांकडं जरा लक्ष असू द्या.” आणि हावळ म्हणाले, “त्येंचं तुम्ही माझ्यावर सोडा.”

मी तिथंच थांबलो. पुढं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला म्हणून निघून आलो.

मागावर काम करताना एक सवय लागते. कापडात खोट दिसली की माणूस धागा धरून मागं मागं जातो, कुठं तुटला ते सापडेपर्यंत. मी तसाच मागं गेलो आणि मला सगळं जुळलेलं दिसलं. मेव्हण्याला खोली हवी. हावळांनी सिस्टरांना धरलं. सिस्टरांनी साहेबांना आणलं. अक्काताई मधे निरोप्या. आणि मला मधल्या ओळीत ढकलायला काहीतरी कारण लागणार, ते दर पाहणीला त्या वहीत लिहिलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी मी नळ गळतोय हे सांगायला कार्यालयात गेलो. नळ खरंच गळत होता. मी सांगत असतानाच शेवटच्या ओळीतून बाई धावत आली, कुणीतरी खाटेवरून पडलं होतं. सिस्टर तशाच उठून गेल्या. टेबलावर वही होती.

मी दाराकडं बघितलं आणि वही उघडली. माझ्या नावाच्या पानावर तीन ओळी होत्या.

फेब्रुवारी : साखर नाही.

मार्च : साखर नाही.

एप्रिल : हात स्थिर, गॅस नीट बंद. साखर नाही.

खाली दुसऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मधे हलवावे का? शनिवारी ठरवू.’

जानेवारीत आमच्या सगळ्यांच्या बोटाला टोचून रक्त तपासलं होतं. मला साखर नाही हे मला तेव्हाच सांगितलं होतं. आता तर ते तीनदा लिहिलेलं मी वाचलं. म्हणजे प्रकृती ठणठणीत, हात स्थिर, गॅस बंद, आणि तरी मला हलवायचं. माझा संशय गेला नाही, उलट तो पक्का झाला.

मी पुढचं पान उलटलं. हावळांच्या नावापुढं लिहिलं होतं, ‘सगळं जागच्या जागी. उत्तम.’

वही होती तशी मिटून मी बाहेर आलो.

शुक्रवारी दुपारी हावळांना तोंडावर विचारायचं ठरवून मी आठ नंबरात गेलो. दार उघडंच होतं. ते मशीनपुढं बसले होते. मी उंबऱ्यात उभा राहिलो. त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं. मी त्यांनी काही बोलायची वाट बघत होतो.

“कोण? अक्काताई?” ते म्हणाले.

मी चार हातांवर, उजेडात उभा होतो. मी उत्तर दिलं नाही. त्यांनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि वारा असेल असं समजून उठले. भिंतीला हात लावत ओट्याशी गेले. ओट्यावर तीन वाट्या एका रांगेत मांडून ठेवल्या होत्या. एकीत चहाची पूड, दुसरीत साखर, तिसरीत दूध, सगळं एका माणसापुरतं मोजलेलं. त्यांनी वाट्यांच्या कडा बोटानं डावीकडून उजवीकडं मोजल्या. पाणी घालताना पातेल्याच्या आत बोट धरलं आणि पाणी बोटाला लागल्यावर थांबले. गॅस सोडला तो कान जवळ नेऊन. चहा वर आला तेही त्यांनी ऐकलं आणि तो उतू जायच्या आत बंद केला.

त्यांना दिसत नव्हतं. काहीच नाही म्हणता येणार नाही, उजेड-अंधार कळत असेल. पण पाहणीत ‘उत्तम’ मिळवणारा तो चहा अक्काताई आधी मांडून जात होत्या.

मी पाय न वाजवता मागं फिरलो. विचारायला गेलो होतो, पण आता विचारायची गरज नव्हती. माझ्या हातात काहीतरी आलं होतं.

शनिवारी दहा वाजता मला बोलावणं आलं. कार्यालयात सिस्टर होत्या, आवटी साहेब होते, आणि कोपऱ्यातल्या बाकावर अक्काताई. कुणाला हलवायचं असलं तर त्याच ओळीतला एक रहिवासी समोर बसवायचा असा तिथला नियम होता, आणि त्या महिन्यात पाळी अक्काताईंची होती. त्यांना तिथं बघून मला वाटलं, बरोबर आहे, सगळी मंडळी जमली.

साहेबांनी बसायला सांगितलं. कशासाठी बोलावलंय याची कल्पना आहे का, असं विचारलं.

मी बसलो नाही. कल्पना आहे म्हणालो. माझी खोली कुणाला हवी आहे तेही ठाऊक आहे, माझ्यात खोट नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे, असं बरंच बोललो. सिस्टर दोनदा मधे बोलायला गेल्या, मी बोलू दिलं नाही. आणि मग ते बोललो.

“मला हलवायच्या आधी हावळांना बघा. त्यांना दिसत नाही.”

सिस्टरांनी विचारलं, “दिसत नाही म्हणजे?”

“म्हणजे आंधळे आहेत. मी समोर उभा होतो तरी कळलं नाही. तुम्ही पिता तो चहा त्यांना आधी मांडून दिलेला असतो. वाट्या ओळीनं लावलेल्या असतात. कोण लावतं ते या बाईंना विचारा.”

अक्काताईंनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या आपल्या हातांकडं बघत होत्या. सिस्टरांनी विचारलं, खरं का अक्काताई?  त्यांनी नाही म्हटलं नाही, म्हणजे व्हायचं ते झालंच.

सिस्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं. 

मग साहेब म्हणाले, “हे आम्ही बघू. पण तुमचं वेगळं आहे मगदूम.” त्यांनी सिस्टरांकडून वही घेतली आणि माझं पान माझ्यासमोर धरलं.

मी म्हणालो, “वाचलंय मी ते. साखर नाही. माझ्या रक्तात साखर नाही, तर मला कशासाठी हलवता?”

सिस्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“रक्तात नाही काका,” त्या म्हणाल्या. “चहात.”

मला समजलं नाही. त्यांनी मग हळूहळू सांगितलं. तीन महिने मी त्यांना चहा दिला आणि तीनही वेळा साखर घातली नाही. पाहणीत टोकायचं नाही, नुसतं लिहायचं असा नियम, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. रोजच्या सवयीची गोष्ट माणूस विसरायला लागला की पुढं गॅसही विसरतो, त्याची त्यांना काळजी वाटत होती. माझ्याशी कुणाचं फारसं बोलणं नाही, म्हणून शेजारी विचारून बघितलं होतं.

मी तोंड उघडलं. सांगायला एकच वाक्य लागत होतं, पण त्या वाक्यात पद्माचं नाव घ्यावं लागलं असतं. ते मला जमेना. मी तसाच उभा राहिलो आणि मला दिसत होतं की साहेबांचं मत माझ्याविरुद्ध चाललंय.

“इसरला न्हाई त्यो,” अक्काताई म्हणाल्या.

दोघांनी तिकडं बघितलं. अक्काताई अजून हातांकडंच बघत होत्या.

“त्याच्या बायकूला साखर हुती. पद्माला. हितं यायच्या आधी दहा वर्षं. तिला गोड चहाचा लई नाद. ती एकटीच फिका पितीया म्हटल्यावर ह्यानं बी सोडली साखर. त्येंच्या घरात साखरंचा डबाच नव्हता. मी तिच्याकडं चहाला जायची तवा माझी साखर पुडीत बांधून न्यायची. जुन्या सिस्टर बी न्यायच्या. पद्मा जाऊन दोन वर्षं झाली, ह्यानं अजून डबा आणला न्हाई. एवढंच हाय ते, बाई. डोस्कं चांगलं हाय त्येचं.”

सिस्टरांनी वही मिटली. साहेबांनी चष्मा काढून पुसला. नंतर जे काही बोलणं झालं ते दोन मिनिटांचं होतं. मी सात नंबरातच राहायचं ठरलं. निघताना साहेब मला म्हणाले की चहा फिका असला तरी चांगला होता, खोटं सांगत नाही.

बाहेर अक्काताई चपला घालत होत्या. मी त्यांना हाक मारली.

“माझ्यासंगं आत्ता बोलू नका अण्णा,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

हावळांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू होता, खूप पुढं गेलेला, आता करण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या सोमवारी त्यांना मधल्या ओळीत हलवायचं ठरलं. दोघांच्या खोलीत मशीन मावत नव्हतं. ते कार्यालयाच्या व्हरांड्यात नेऊन ठेवलं. त्यांचं गाठोडं न्यायला मी गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही. मला वाटतं, त्यांना किती कळलंय ते बघायला गेलो.

गाठोडं बांधताना ते बोलत होते. त्यांना कुणाचा राग आला होता ते त्यांनीच सांगितलं.

“अक्काताईबिगर कुणालाच ठाऊक नव्हतं. कार्यालयात बोलावलं आणि सगळं वकून आली. बाईच्या पोटात काय ऱ्हात न्हाई बघा.”

मी गाठ मारत होतो. ती मी पुन्हा सोडून पुन्हा मारली.

“तुमची खोली ऱ्हायली ते बरं झालं,” ते म्हणाले. “सिस्टर मला विचारत हुत्या, मगदूम इसरत्यात काय म्हणून. मी म्हटलं, त्या माणसाला मागाच्या आवाजावरनं कुठला धागा तुटला ते कळायचं. त्यो काय इसरतोय? त्येंचं तुम्ही माझ्यावर सोडा.”

मी गाठोडं उचललं आणि त्यांच्या पुढं चालायला लागलो. 

त्यानंतर अक्काताई रोज दुपारी मधल्या ओळीत जायच्या. मला खिडकीतून दिसायचं. त्या दारात उभ्या राहून काहीतरी म्हणायच्या, आणि आत खाटेवर बसलेले हावळ भिंतीकडं तोंड फिरवायचे. त्यांना भिंतही दिसत नव्हती, तरी फिरवायचे. अक्काताई थोडा वेळ थांबून परत यायच्या. माझ्या दारावरून जाताना त्यांनी एकदाही आत बघितलं नाही. मी काय केलं हे त्यांनी हावळांना सांगितलं असतं तर एका वाक्यात त्या सुटल्या असत्या. त्यांनी ते सांगितलं नाही. आधी मला वाटलं, त्यांच्या मनात आणखी काहीतरी असेल, वेळ आली की काढतील. मी पाळत ठेवली. एकोणीस दिवस ठेवली. त्यांच्या मनात काही नव्हतं. त्या रोज जायच्या आणि परत यायच्या, तेवढंच.

विसाव्या दिवशी दुपारी त्यांच्या आधी मी गेलो.

हावळ खाटेवर बसले होते. दुसऱ्या खाटेवरचा माणूस झोपला होता. मी माझं नाव सांगितलं. बसा म्हणाले.

“मास्तर, तुमचं मी सांगितलं,” मी म्हणालो. “अक्काताईंनी नाही.”

 मग त्यांनी विचारलं, “कुणाला?”

“सिस्टरांना आणि साहेबांना. अक्काताई तिथं होत्या, पण त्यांनी तुमच्याबद्दल तोंड उघडलं नाही. मी शुक्रवारी तुमच्या दारात उभा राहून सगळं बघितलं होतं.”

“वारा न्हवं तर त्यो,” ते म्हणाले.

“नाही.”

“कशापायी केलासा?”

मी खरं ते सांगितलं. त्यांच्या मेव्हण्याला माझी खोली द्यायचा डाव आहे असं मला वाटलं होतं.

हावळांनी मान खाली घातली. त्यांचा अंगठा चादरीच्या शिवणीवरून फिरत होता.

“मेव्हणा माघात वारला माझा,” ते म्हणाले. “दहा दिवस मी जयसिंगपुरात हुतो. आठ नंबराला कुलूप हुतं दहा दिवस. आल्यावर वळीतली समदी माणसं भेटून गेली मला. तुम्ही शेजारी असून तुम्हाला पत्ता न्हाई.”

 मला ते कुलूप आठवेना. मी त्याच्यावरून दिवसातून चार वेळा गेलो असणार.

“सिस्टरांना परत सांगतो,” मी म्हणालो. “तुमचं सगळं मी मांडून देत जाईन म्हणतो. मग तर—”

“नगं. डॉक्टरनं लिवून दिलंय आता.” ते पायानं चपला शोधायला लागले. मी त्या पुढं सरकवल्या. “उठा,” ते म्हणाले. “मला तिच्या दारात न्या. वीस दिवस तोंड फिरवून बसलोय मी त्या बाईपुढं.”

त्यांनी माझा कोपर धरला. मधल्या ओळीतून पहिल्या ओळीकडं जाताना गटारावरची फरशी लागते आणि तिच्या पुढं तीन पायऱ्या आहेत. फरशी आम्ही ओलांडली.

“पायरी आहे,” मी म्हणालो.

हावळ थांबले. माझा कोपर त्यांनी सोडला नाही, पण पायही उचलला नाही. उजव्या चपलेचं टोक पुढं सरकवून त्यांनी दगडाची कड चाचपली, एकदा आणि पुन्हा एकदा, आणि मगच पाय वर ठेवला. दुसऱ्या पायरीला तेच. तिसरीलाही तेच.

अक्काताई आपल्या दारात बसल्या होत्या. आम्हा दोघांना बघून त्या उठल्या आणि आत जाऊन पाट घेऊन आल्या. मी हावळांचा हात पाटाला लावून दिला आणि परत फिरलो.

त्यानंतर हावळ चार वर्षं जगले. त्या चार वर्षांत रोज दुपारी मी त्यांना मधल्या ओळीतून अक्काताईंच्या दारापर्यंत न्यायचो आणि पाचला परत आणायचो. वाटेत आम्ही बोलायचो, ते चेष्टाही करायचे, मला नवीन सदरा शिवायचं राहून गेलं म्हणायचे. पायऱ्या आल्या की मी सांगायचो, पायरी आहे. ते ऐकायचे, थांबायचे आणि चपलेच्या टोकानं चाचपून बघायचे. माझ्या शब्दावर त्यांनी एकदाही पाय टाकला नाही.